नाटकात भांडणं भरपूर आहेत, पण ताण येत नाहीये. लिहिणाऱ्यांनी जरा सांगा

पडदा_वर_घ्या

नमस्कार मंडळी. राजापूरकडचा आहे. आमच्या वाडीचं मंडळ आहे, शिमग्यात नमन (आमच्याकडचं लोकनाट्य) असतंच, त्यातलीच पोरं आता हौशी नाटकंही करतात. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला रत्नागिरी केंद्रावर स्वतःचं दोन अंकी उतरवायचं ठरलंय आणि लिहायचं लचांड माझ्या गळ्यात पडलंय.

गोष्ट अशी. घर आणि घराखाली कलमांची बाग. थोरला भाऊ आबा गावात, धाकटा सुहास ठाण्याला, बहीण माई डोंबिवलीला दिलेली. गणपतीला सगळे घरी जमलेत. आबाने कुणाला न विचारता बाग विकायचा विसार (आगाऊ रक्कम) घेतलाय, साठेखत (विक्रीचा करार) करून दिलंय, ते पैसे पोराच्या हॉटेलात बुडालेत, आणि सातबाऱ्यावर तिघांची नावं असल्यामुळे उरलेल्या दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार पुरा होत नाही. शेवटच्या प्रवेशात सुहासला साठेखताचा कागद सापडतो, मोठी भांडाभांडी, पडदा.

आता अडचण. परवा मंडळात वाचन झालं. पहिल्या अंकात मी लाइटबिलावरून, म्हातारीच्या औषधांवरून आणि जेवणात मीठ जास्त झालं त्यावरून अशी सॉलिड भांडणं टाकलीयत, संवाद लोकांना आवडले पण, तरी अर्ध्यात मंडळी मोबाइल काढून बसली. शेवटी मात्र सगळे सरसावले, आबा असं करेल वाटलं नव्हतं म्हणाले. म्हणजे शेवट चालतोय आणि तिथवर पोचायलाच कंटाळा येतोय.

ताण ताण म्हणतात तो लिहिताना नक्की कुठून आणायचा? आमचा लाइटवाला म्हणतो खालून जरा म्युझिक सोडूया, आपोआप येईल.

माका_काय_तेचा

पयलो त्या लाइटवाल्याचो मोबाइल काडून घेवा.

तिसरी_घंटा

तुमचा प्रॉब्लेम तुम्हीच लिहून ठेवलाय बघा. आबाची भानगड प्रेक्षकाला शेवटी कळते. म्हणजे आधीचा दीड तास प्रेक्षक कशाची वाट बघत बसलाय? कशाचीच नाही, कारण वाट बघायला हातात काही दिलेलंच नाही. मिठावरून भांडण बघताना त्याच्या डोक्यात एवढंच येतं की हे आमच्याकडेपण होतं.

ती भानगड पहिल्या दहा मिनिटांत फोडा. घरातल्या कुणाला नाही, फक्त प्रेक्षकाला. पडदा उघडतो, आबा एकटाच आहे, फोनवर कुणाला तरी सांगतोय की सह्या आणतो, विसर्जन होऊदे, तोवर दम काढा, आणि कागद मखरामागे सारतो. बस. आता तेच तुमचं लाइटबिलाचं भांडण वाचून बघा. सुहास म्हणतो या घरात पैसे जातात तरी कुठे, आणि प्रेक्षक आबाच्या तोंडाकडे बघतो. वाक्य तेच आहे, फरक प्रेक्षकाला काय ठाऊक आहे त्याचा.

ही काही नवीन युक्ती नाही. शाकुंतलात राजा शकुंतलेला विसरेल हा दुर्वासाचा शाप चौथ्या अंकात होतो आणि तो ऐकतात फक्त अनसूया आणि प्रियंवदा. त्या ठरवतात शकुंतलेला सांगायचं नाही, बिचारी आधीच कोवळी. नंतर निरोपाच्या वेळी सहज सांगतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव हो, आणि ती दचकते, असं का म्हणालात? त्या म्हणतात काही नाही ग, माया आहे म्हणून मनात नको ते येतं. पुढे दरबारात ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं. कालिदासाने शाप लपवून ठेवला असता आणि दरबारात एकदम सांगितला असता तर एक धक्का मिळाला असता. शाप आधी सांगितल्यामुळे सबंध निरोपाचा प्रवेश, एरवी नुसता रडारडीचा झाला असता, तो धाकधुकीचा होतो. किर्लोस्करांनी 1880 मध्ये ते संगीत करून आणलं तेव्हा गोष्ट घरोघरी माहीत होती, तरी लोक बसलेच ना.

म्युझिकचं नंतर बोलू.

पायपेटीवाले_आजोबा

वरच्यांशी सहमत आहे पण एक सांगतो, मी कुडाळकडचा, आयुष्य दशावतारात पेटी वाजवण्यात गेलं. आमच्याकडे तर गोष्ट सगळ्यांनाच माहीत. दहीकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, बसलेल्या शेवटच्या पोरालासुद्धा ठाऊक असतं की राक्षस मरणार आणि देव जिंकणार. संहिता लिहिलेली नसते, रंगपटात, म्हणजे मेकअपच्या जागेत, आख्यान कुठलं ते ठरतं, कुणी काय घ्यायचं ते ठरतं, मग उभं राहून बोलायचं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच शेज. तरी माणसं पहाटेपर्यंत थंडीत गोधडी लपेटून बसतात ती का?

माझ्या मते गोष्टीत पुढे काय होणार यापेक्षा हा आत्ता समोर उभा असलेला माणूस यातून सुटतो कसा, यावर लोक बसतात. राजपार्ट (राजा करणारा) आणि खलपार्ट (खलनायक करणारा) समोरासमोर आले की दोघंही शब्दाला शब्द लावतात, कुणीच हटत नाही, आणि प्रत्येक उत्तराने दुसऱ्याची वाट थोडी अरुंद होते. आम्ही खाली बसून ते ओळखायचो. ज्याच्याकडे उत्तर संपलं तो आवाज चढवतो. मुरलेला नट आवाज चढवतच नाही, तो बाकड्यावर शांत बसतो आणि म्हणतो, बोला. त्या वेळी पखवाजवाल्याने हात आवरायचा असतो. नवीन पोरगा असला की तिथेच थाप मारतो आणि सगळं घालवतो.

तुमच्या पहिल्या अंकातली भांडणं सगळी आवाज चढवलेली वाटतात मला. भांडलं की मोकळं झालं. आबाला भांडायला देऊच नका. ज्याने लपवलंय तो माणूस जास्त गोड बोलतो, बघा आजूबाजूला.

विंगेतली_बाई

आजोबांची पोस्ट दोनदा वाचली. पखवाजवाल्याने हात आवरायचा असतो हे आमच्या म्युझिकवाल्याच्या केबिनवर लिहून लावणारे.

पण तिसरी_घंटा, सगळं प्रेक्षकाला आधी सांगा हा काही नियम नाही हं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या, 1967 सालचा प्रयोग. तिथे नायिका बेणारेबाईंबद्दल प्रेक्षकाला सुरुवातीला काही म्हणजे काही माहीत नसतं. मंडळी खेळ म्हणून लटका खटला उभा करतात, टाइमपास चाललाय, हसतोय आपण, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर भ्रूणहत्येचा आरोप वाचतात तेव्हा स्टेजवरचे सगळेच गप्प होतात. तिथून खेळ खेळ राहत नाही आणि तरी सगळे म्हणत राहतात की हा खेळच आहे. म्हणजे तिथे ताण कशातून येतो, तर खेळाच्या नावाखाली माणसं किती पुढे जातील यातून. प्रेक्षकाला बातमी नाही, नुसता वास आहे.

आणि त्यातली कडी आठवतेय का? सुरुवातीलाच बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. गावातला सामंत सहज सांगतो की ही कडी अशीच आहे, जराशी बाहेर राहिली आणि दार ओढलं की आतला माणूस आतच अडकला. कुणी लक्ष देत नाही, गावातल्या हॉलची कडी, असणारच तशी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिला निघून जायचंय, ती दाराशी जाते आणि दार उघडत नाही. तेव्हा कुणी एक शब्द बोलायची गरज नाही. सगळा प्रेक्षागृह त्या कडीकडे बघत असतो. नेपथ्यावर एक पैसा जास्त खर्च नाही हे लक्षात घ्या, स्पर्धेला जाणाऱ्यांनी विशेषतः.

तुमच्याकडे आहेच की वस्तू. साठेखत. ते शेवटच्या प्रवेशात सापडून काय उपयोग, ते पहिल्यापासून स्टेजवर हवं, प्रेक्षकाला दिसेल असं. आणि ते एका जागी राहू देऊ नका. मखर आवरताना माई ते उचलते आणि न वाचता फुलांच्या परडीखाली ठेवते. सुहासचा पोरगा त्याच्यावर पेनाने गणपती काढतो. म्हातारी त्याची घडी करून पंखा हलवत बसते. प्रत्येक वेळी आबाने काही न बोलता तिथे जायचं आणि काहीतरी निमित्त काढायचं. नटाला करायला पण मजा येईल.

बाकी मिठाचं भांडण काढून टाका. लाइटबिल ठेवा, त्यात पैसा आहे.

पडदा_वर_घ्या

बापरे, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. घडी करून पंखा हलवते हे तर घेतोच.

एक शंका आहे पण. पहिल्या दहा मिनिटांत फोडलं तर शेवटी काय उरलं? सुहासला कागद सापडतो तेव्हा प्रेक्षक म्हणेल आम्हाला कधीच माहीत होतं. आमचा तो एकच टाळीचा प्रवेश आहे हो.

तिसरी_घंटा

उरतो ना. काय झालंय हे माहीत असतं, सुहास काय करेल ते कुठे माहीत आहे?

अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आठवा, 1962. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा कोर्टात उभा आहे आणि म्हणतोय तो मी नव्हेच. फिरत्या रंगमंचावर एकेक वेश आपल्याला दाखवला जातो, लखोबा करणारे पणशीकर प्रत्येक वेळी वेगळे, आणि प्रत्येक वेळी आपल्याला ठाऊक की माणूस हाच. रहस्य म्हणाल तर शून्य. तरी माणूस खुर्चीच्या टोकाला, कारण प्रश्न हा नाहीच की तो आहे का, प्रश्न हा की कोर्टात सिद्ध होणार कसं, आणि गंमत म्हणजे मनात कुठेतरी तो यातून कसा निसटतो हेही बघायचं असतं आपल्याला.

यावरून आठवलं, तुमचा आबा कसा आहे? नुसताच लबाड असेल तर सगळं पाण्यात. प्रेक्षकाला अर्धं मन वाटलं पाहिजे की मिळू देत बाबा याला सही, सुटू दे एकदाचा. पोराने हॉटेल काढलं ते कुणाच्या भरवशावर? सुहासने कधी शब्द दिला होता का मदतीचा आणि फिरवला? तसं असेल तर दोन्ही बाजू खऱ्या झाल्या, आणि मग त्या प्रवेशात कुणाच्या बाजूने टाळी वाजवायची तेच लोकांना कळणार नाही. ती टाळीपेक्षा बरी अवस्था.

माका_काय_तेचा

गजालीत गजाल. 'वस्त्रहरण' विनोदी म्हणून सगळे हसतत, पण लिवणाऱ्या गवाणकरांनी आत ठेवलेला काय? गावची मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचो प्रयोग लावतत आणि हो प्रयोग पार पडता काय नाय, एवढीच काळजी. तात्या सरपंचाचो जीव टांगणीक, म्हणान आमका हसू येता. ताण फक्त रडक्या नाटकात असता असा नाय.

खाडीपलीकडे

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही, हे नाटक किती दिवस चालतं? तुम्ही गणपतीला सगळे जमलेत म्हणताय, पण दीड दिवस, पाच दिवस, अकरा? मला वाटतं तुमचं घड्याळ तिथेच पडलंय आणि तुम्ही ते वापरत नाही आहात.

'वाडा चिरेबंदी'त एलकुंचवारांनी काय केलंय बघा, 1985 चं. घरातले कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च करायचाय, पैसे नाहीत, मुंबईहून सुधीर आलाय आणि त्याला परत जायचंय. तेरावा ही तारीख कुणाला पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे घरात साधा चहा केला तरी दिवस कमी होतोय हे जाणवत राहतं. विदर्भातला वाडा आहे, आपल्याकडचं काहीच नाही त्यात, तरी आपल्याकडच्या कुठल्याही घरात घडेल असं वाटतं ते त्या तारखेमुळे.

तुमच्याकडे तर विसर्जन आहे! मी असतो तर सगळं नाटक पाचव्या दिवशी एका दिवसात बसवलं असतं, सकाळच्या आरतीपासून संध्याकाळी गणपती उठेपर्यंत. माई आणि सुहासचं त्याच रात्रीचं रिझर्वेशन. कोकण रेल्वेचं गणपतीतलं कन्फर्म तिकीट कुणी सोडत नाही हे आपल्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे आबाला सही आजच पाहिजे. आणि वाडीतले गणपती बाहेरून जायला लागतात, एक गेला, दुसरा गेला, ढोल जवळ येतो आणि लांब जातो. प्रत्येक ढोलाबरोबर आबाचा वेळ कमी. भिंतीवर घड्याळ लावायला नको, कुणी वाजले किती विचारायला नको.

अजून एक, कागदोपत्री जरा बघून घ्या. हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) असेल तर नुसती घरात सही करून भागत नाही, ते रजिस्टर करावं लागतं. परीक्षकांत एखादा वकील निघाला की तेवढंच धरून बसेल, पाहिलंय असं. मग आबाला घरी काय पाहिजे? कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) सही म्हणाल तर त्यालाही तेच लागू होईल. सोपं म्हणजे साठेखतालाच माझी संमती आहे अशी एक पुरवणी, साधी सही. विकत घेणाऱ्याने सांगितलंय की निदान संमती तरी आणून दाखव, नाहीतर विसार परत कर. एवढं नाटकाला पुरतं, आणि कागद जितका साधा दिसेल तितकं चांगलं. माणूस साध्या कागदावर पटकन सही करतो.

निवृत्त_मास्तर_लांजा

थोडं जुनं सांगू का. नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितलेत, त्यात मधला गर्भसंधी. त्यात हवं ते हाताशी येतं, निसटतं, आणि पुन्हा त्याचा शोध सुरू होतो. पुष्कळ हौशी नाटकांत हा मधला भागच नसतो, सुरुवात असते आणि शेवट असतो. तुमच्या आबाला सही जवळजवळ मिळाली, असं एकदा तरी घडतं का नाटकात? गळ टाकणारा माणूस बघा, मासा लागला की लगेच हिसका देत नाही, दोर सैल सोडतो, मग आवळतो, परत सोडतो. तसं झालं पाहिजे मधे.

पडदा_वर_घ्या

मास्तर, नव्हतं तसं काही. काल रात्री बसून पाचव्या दिवसावर आणलं सगळं आणि सहीचा प्रवेश नव्याने लिहिला. बोली नंतर तालमीत वळवू, आत्ता साध्या मराठीत आहे. माई विळीवर नारळ खोवतेय, पंचखाद्याला.

आबा : माई, एवढी सही कर ग.
माई : हात ओले आहेत. कसलंय?
आबा : विम्याचं. कलमांच्या.
माई : तो दिवाळीच्या सुमारास भरतात ना?
आबा : यंदा लवकर घेतायत. तुला माहीत आहे हल्ली सरकारचं कसं असतं, आज एक नियम उद्या एक, आणि मग आपलंच नुकसान होतं, म्हणून मी म्हटलं तू आहेस तोवर करून घ्यावी.
माई : तुझा माझ्यावर विश्वास नाही का दादा? खरं काय ते सांग.
आबा : म्हणजे मी खोटं बोलतोय?

इथून भांडण सुरू होतं.

विंगेतली_बाई

छान आहे! दिवाळीच्या सुमारास भरतात ना, हा प्रश्न एकदम झकास, कारण तिला बागेतलं कळतं हे त्यातून दिसलं. आता कात्री घेते, रागावू नका.

"यंदा लवकर घेतायत" इथे थांबा. पुढचं सरकारचं सगळं उडवा. नटाला ते वाक्य म्हणू दे आणि मग माईने एक-दोनदा विळीवर नारळ फिरवू दे, नुसता खोवल्याचा आवाज. आबाने स्पष्टीकरण दिलं की तो प्रेक्षकालाही स्पष्टीकरण देतो, आणि प्रेक्षकाला ते नकोय, त्याला माईचं तोंड बघायचंय.

आणि माईला "खरं काय ते सांग" म्हणू देऊ नका, एवढ्यात तर अजिबात नाही. ती विचारते आणि तो चिडतो, म्हणजे परत तुमचं मिठाचं भांडण झालं. मी असं करेन

आबा : यंदा लवकर घेतायत.
(माई खोवत राहते.)
माई : पेन आहे?
आबा : हो हो, हे घे.
(माई पदराला हात पुसते. पेन घेते. बाहेरून हाक, "माई, आरतीला चला, तुमच्यासाठी थांबलेत सगळे!")
माई : ठेव तिथं. आरती झाली की करते.

मास्तरांचं हाताशी आलं आणि निसटलं हे झालं का? झालं. आणि माईला कळलंय की नाही हे मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. नटीला तालमीत ठरवू द्या, पण तिने ते कुणाला सांगायचं नाही, आबा करणाऱ्याला तर मुळीच नाही.

मध्यंतर कुठे घेताय? मला विचाराल तर माईने पेन टेकवलं त्या क्षणी नाही, ते सिरियलवाले करतात. आरतीत सगळे उभे आहेत, डोळे मिटलेले, आणि सुहासचा पोरगा तो कागद उचलून बाहेर पळतो विमान करायला. आबाने ते बघितलंय आणि त्याला आरती सोडून जाता येत नाही. टाळ्या वाजवत उभा. तिथे पडदा.

पायपेटीवाले_आजोबा

हे बरं आहे. आरती पुरी म्हणा मात्र, एक कडवं म्हणून कापू नका. आबाला तेवढा वेळ उभा राहू दे. आणि आरती चढत्या लयीत जाते आपली, ती जाऊ दे तशीच, त्यासाठी वेगळी लय बांधायला नको.

पडदा_वर_घ्या

मंडळी खूप आभार, शनिवारी परत वाचन ठेवलंय, मीठ गेलं, विळी आली. लाइटवाला मात्र अजून म्युझिकवर अडून आहे, त्याने कुठलं तरी व्हायोलिन शोधून ठेवलंय.

तिसरी_घंटा

त्याला ढोल द्या की. पण अंतर सांभाळायला सांगा, पहिला गणपती जाताना ढोल अगदी लांब, खाडीकडून आल्यासारखा, आणि शेवटचा दारातून. स्पीकर एक मागे आणि एक डाव्या विंगेत ठेवला तर हे जमतं, रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात तांत्रिक तालमीला वेळ थोडा मिळतो तेव्हा आधी घरी आवाज ठरवून जा. आणि आबा-माईच्या प्रवेशाखाली काहीच वाजवायचं नाही, ढोलपण नाही, फक्त विळी.

माका_काय_तेचा

आणि विळयेचो नारळ खरो घेवा. थर्माकोलाचो आवाज येत नाय.